आलेखातल्या पायऱ्या
(प्रस्तावना)

३१ मार्च २००७ रोजी आइसलँडमधल्या हाफ्नारफ्योर्दुर या बंदराच्या गावात मतदान झाले. राजधानी रेक्याविकला अगदी खेटून असलेले हे गाव. गावच्या हद्दीतला स्ट्राउम्सविकचा अ‍ॅल्युमिनियम कारखाना वाढवू द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार टनांची क्षमता ४ लाख ६० हजार टनांवर न्यायचा बेत होता. मते मोजली तेव्हा विरोधाची मते अवघ्या ८८ ने जास्त भरली आणि विस्तार बारगळला. एक टन अ‍ॅल्युमिनियम काढताना भट्टीतून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने वर्षाकाठी चार लाख टनांहून अधिक वायू हवेत जायचा राहिला. त्या सुमारास सबंध देशाचे उत्सर्जन पन्नास लाख टनांच्या आसपास होते. म्हणजे पंचेचाळीस माणसांनी मत फिरवले असते, तर देशाचा आकडा आठ टक्क्यांनी वर गेला असता.

मोठ्या देशात असे घडत नाही. भारतात एखादा पोलाद कारखाना सुरू झाला किंवा बंद पडला तरी देशाच्या एकूण आकड्यावर त्याचा ओरखडाही उठत नाही. हजारो भट्ट्या, बॉयलर आणि भाजण्या मिळून जो आकडा तयार होतो त्याला स्वतःची एक गती असते; ती अर्थव्यवस्थेच्या वाढीबरोबर, कोळशाच्या भावाबरोबर, यंत्रांच्या सुधारणेबरोबर हळूहळू बदलते. त्या गतीला आपण ‘कल’ म्हणतो. लहान देशाची गोष्ट वेगळी. लग्नघरात दहा पाव्हणे जास्त जेवून गेले तरी कळत नाही, पण चौघांच्या घरात एक पाव्हणा महिनाभर राहिला की वाण्याचे बिल सांगते.

हे पुस्तक आइसलँडच्या औद्योगिक कार्बन डायऑक्साइडच्या गेल्या अर्धशतकातल्या चढउतारांबद्दल आहे. त्यातली प्रकरणे वाचण्याआधी वाचकाच्या हाती एक किल्ली असावी, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : या देशाच्या औद्योगिक उत्सर्जनाचा आलेख उताराचा किंवा चढणीचा रस्ता नाही, तो जिना आहे. प्रत्येक पायरीला कारखान्याचे नाव आहे, तारीख आहे, सही करणारा माणूस आहे. पायरीची उंची निर्णयाने ठरते. आणि दोन पायऱ्यांमधला भाग जो वर्षानुवर्षे सपाट राहतो, तो रसायनशास्त्रामुळे.

आइसलँडच का? क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. लोकसंख्या चार लाखांच्या आत; एवढी माणसे आपल्याकडे जिल्ह्याच्या एका गावात मावतात. वीज जवळजवळ संपूर्णपणे पाण्यापासून आणि भूगर्भातल्या उष्णतेपासून तयार होते : सुमारे ७० टक्के जलविद्युत, उरलेली बहुतेक भूऔष्णिक. घरेही जमिनीतल्या गरम पाण्यावर उबदार राहतात. दरडोई वीजनिर्मितीत हा देश जगात पहिला आहे, वर्षाला माणशी ५० हजार युनिटच्या वर. पण या विजेतला जेमतेम पाचवा हिस्सा लोकांच्या घरांत, दुकानांत आणि छोट्या धंद्यांत जातो. सुमारे चार पंचमांश वीज मोजक्या मोठ्या ग्राहकांना जाते, आणि त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे तीन कारखाने.

जगातल्या बहुतेक देशांपुढे आज जे काम आहे, म्हणजे कोळसा सोडून स्वच्छ विजेकडे जाणे, ते या देशाने केव्हाच उरकले. तरीही उद्योगातून होणारे त्याचे उत्सर्जन १९९० नंतर दुपटीहून वाढले. स्वच्छ वीज आली की प्रश्न मिटला असे ज्यांना वाटते, त्यांनी म्हणूनच आइसलँडकडे पाहावे. वीज स्वच्छ झाल्यावर मागे काय उरते, ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

काय उरते हे समजण्यासाठी एकदा भट्टीत डोकवायला हवे. अ‍ॅल्युमिनियम निसर्गात सुटे सापडत नाही. ऑक्सिजनला ते घट्ट धरून बसलेले असते. बॉक्साइट शुद्ध करून जी अ‍ॅल्युमिना नावाची पांढरी भुकटी मिळते, तीत ही जोडी कायमच असते. ती फोडायची रीत १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी एकमेकांचा पत्ता नसताना शोधली. खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम आजही त्याच रीतीने काढतात. कार्बनचे अस्तर दिलेल्या पोलादी टाकीत सुमारे ९६० अंश सेल्सिअसला वितळलेले क्रायोलाइट असते. त्यात अ‍ॅल्युमिना विरघळते. वरून कार्बनचे ठोकळे या रसात लोंबत सोडलेले असतात आणि त्यांतून लाखो अँपिअरचा प्रवाह जातो. धातू तळाशी जमतो. सुटलेला ऑक्सिजन वरच्या ठोकळ्याला जाऊन भिडतो, त्याला जाळतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. तीन-चार आठवड्यांत ठोकळा झिजून त्याचे थोटूक उरते. मग ते काढून नवा ठोकळा लावायचा. एक टन धातूमागे चारशे किलोहून अधिक कार्बन असा खर्ची पडतो.

इथे कार्बन इंधन म्हणून जळत नाही, तो विक्रियेचा भागीदार आहे. वीज धबधब्याची असो की कोळशाची, ठोकळा तेवढाच झिजणार. उत्तम चालवलेल्या कारखान्यातही टनामागे दीड टनांच्या फार खाली जाता येत नाही; नुसत्या रासायनिक समीकरणाचाच तळ सव्वा टनाजवळ आहे. फेरोसिलिकॉन आणि सिलिकॉन यांची कथा अशीच. गारगोटीतला ऑक्सिजन काढून घ्यायला तिथे कोळसा, कोक आणि लाकूड लागते. म्हणून कारखाना एकदा उभा राहिला की त्याचे उत्सर्जन उत्पादनाला बांधलेले असते. सुधारणांनी दोन-चार टक्के सुटतात, बाकी रेघ सपाट.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. रसातली अ‍ॅल्युमिना कमी पडली की ठोकळ्याखाली वायूचा पापुद्रा धरतो आणि टाकीचा चार-साडेचार व्होल्टचा दाब एकदम तीस व्होल्टच्या पुढे उडी मारतो. त्या क्षणी क्रायोलाइटमधले फ्लोरिन कार्बनला जाऊन मिळते आणि परफ्लुरोकार्बन नावाचे वायू तयार होतात. त्यांची तापवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट असते आणि हवेतले आयुष्यही हजारो वर्षांचे. जुन्या काळी कामगार ओल्या लाकडाचा लांब दांडा रसात खुपसून हा पापुद्रा मोडत असत. लाकडातून निघणाऱ्या वाफेने रस ढवळून निघे. पुढे संगणकाने थोड्या थोड्या वेळाने मोजकी अ‍ॅल्युमिना टाकायची व्यवस्था झाली आणि असे प्रसंग कमालीचे घटले. १९९० साली आइसलँडमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा एकच कारखाना होता, स्ट्राउम्सविकचा. त्याच्या परफ्लुरोकार्बनचा भार त्याच्याच कार्बन डायऑक्साइडच्या तिपटीच्या आसपास होता. पाच-सहा वर्षांत तो कितीतरी खाली आला. आलेखात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जी घसरण दिसते ती बहुतांशी याची आहे. नवे कारखाने सुरू होताना, २००६ ते २००८ च्या सुमारास, हे वायू पुन्हा उसळले. नवी टाकी चालायला शिकेपर्यंत असे होतेच. पण ही सुधारणा एकदाच करता येण्याजोगी होती. पुढे आंतरराष्ट्रीय हिशेबात १९९० हे पायाभूत वर्ष ठरल्यामुळे तिचे श्रेय देशाला मिळाले. ती संपल्यावर मागे राहिला तो ठोकळ्याचा कार्बन.

आता पायऱ्या. पहिली पायरी १९६९ ची, स्ट्राउम्सविकची, पण तिची मुळे थोडी आधीची आहेत. साठीच्या दशकात आइसलँड म्हणजे मासेमारी. त्यातही हेरिंग माशाचे राज्य. सगळी मदार एका माशावर ठेवणे धोक्याचे, हे राज्यकर्त्यांना कळत होते. नद्यांचे पाणी फुकट समुद्राला जात होते आणि अणुवीज स्वस्त झाली की या पाण्याला कोणी विचारणार नाही, अशीही भीती तेव्हा बोलून दाखवली जाई. १९६५ साली लांड्सविर्क्युन ही सरकारी वीज कंपनी स्थापन झाली. १९६६ साली अल्थिंग या संसदेने स्वित्झर्लंडच्या अ‍ॅल्युस्विस कंपनीशी झालेल्या कराराला मान्यता दिली. बुर्फेलचे जलविद्युत केंद्र जागतिक बँकेच्या कर्जातून आणि या खात्रीच्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर उभे राहिले. दरम्यान हेरिंग खरोखरच नाहीसा झाला आणि बेकारी वाढली. म्हणून त्या पिढीच्या लेखी स्ट्राउम्सविकची चिमणी हे प्रदूषणाचे चिन्ह नव्हते, तगून राहण्याची खूण होती. आजच्या वाचकाने हे विसरू नये.

१९७९ साली ग्रुंडार्तांगी इथे फेरोसिलिकॉनचा कारखाना सुरू झाला. १९९७ मध्ये स्ट्राउम्सविकला टाक्यांची तिसरी रांग आली. १९९८ मध्ये ग्रुंडार्तांगीलाच नोर्दुराल हा दुसरा अ‍ॅल्युमिनियम कारखाना चालू झाला आणि पुढच्या दहा वर्षांत चौपटीहून मोठा झाला. मग सर्वांत उंच पायरी : २००७ साली पूर्व किनाऱ्यावरच्या रेइदारफ्योर्दुरमध्ये अल्कोआचा फ्यार्दाउल. १९९० साली देशात सुमारे ८८ हजार टन अ‍ॅल्युमिनियम निघत होते. २००८ साली पावणेआठ लाख टनांच्या पुढे. अठरा वर्षांत जवळजवळ नऊपट. अ‍ॅल्युमिनियममधून निघणारा कार्बन डायऑक्साइडही त्याच मापाने वाढला, कारण टनामागचा हिशेब बदलायला रसायन तयार नव्हते.

फ्यार्दाउलसाठी काउराहन्यूकर इथे धरण आणि ६९० मेगावॉटचे वीज केंद्र बांधले. व्हात्नायोकुल हिमनदाच्या उत्तरेकडची ओसाड पण देखणी उंच भूमी सुमारे ५७ चौरस किलोमीटरच्या जलाशयाखाली गेली. रेनडिअरची चरण्याची आणि गुलाबी पायांच्या हंसांची अंडी घालण्याची जागा बुडाली. सबंध वीज एका कारखान्यासाठी. आंद्री स्नाइर मॅग्नासन यांचे ‘ड्रीमलँड’ हे पुस्तक २००६ मध्ये याच वादातून आले आणि त्या छोट्या देशात घरोघर वाचले गेले. रेक्याविकच्या रस्त्यांवर हजारोंचा मोर्चा निघाला. दुसऱ्या बाजूला रेइदारफ्योर्दुर होते : सहा-सातशे वस्तीचे गाव, मासेमारीचा कोटा दुसरीकडे गेलेला, तरुण राजधानीकडे निघालेले. त्यांना कारखाना हवा होता. कोकणातल्या वाचकाला ही दोन्ही माणसे ओळखीची वाटतील. या पुस्तकात त्या वादाचा निकाल लावलेला नाही. पण आलेखातली २००७ ची पायरी म्हणजे तो वाद आहे, हे ठाऊक असल्याशिवाय ती पायरी वाचता येणार नाही.

न घडलेल्या पायऱ्याही मोजायला हव्यात. हाफ्नारफ्योर्दुरची वर आलीच आहे. हेल्गुविक इथल्या नव्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याची पायाभरणी २००८ मध्ये झाली, पण तो पुरा झालाच नाही. त्याच जागेजवळचा सिलिकॉन कारखाना २०१६ च्या अखेरीस सुरू झाला. आसपासच्या रहिवाशांनी वासाच्या आणि त्रासाच्या तक्रारी केल्या, पर्यावरण खात्याने २०१७ मध्ये तो बंद करवला आणि २०१८ च्या आरंभी कंपनी दिवाळखोरीत गेली. उत्तरेला हुसाविकजवळ बाक्कीचा सिलिकॉन कारखाना २०१८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या साथीत मागणी आटल्यावर तात्पुरता बंद झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात स्ट्राउम्सविकच्या एका टाकीत बिघाड झाला आणि सुरक्षेसाठी टाक्यांची एक अख्खी रांग थांबवावी लागली. हे सगळे देशाच्या वार्षिक आकड्यात दिसते. वर्तमानपत्रात ‘उत्सर्जनात घट’ असा मथळा येतो तेव्हा त्यामागे धोरण असेल, नाहीतर एखादी विझलेली भट्टी. कोणते ते तपासून पाहावे लागते.

लहानपणाचा हा पेच एका आंतरराष्ट्रीय करारातही शिरला, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला तोच सर्वांत बोधप्रद भाग आहे. १९९७ च्या क्योटो करारात आइसलँडला १९९० च्या तुलनेत १० टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली; श्रीमंत देशांत एवढी सूट दुसऱ्या कोणाला नव्हती. तरी आइसलँड म्हणाला, हे पुरणार नाही. आमच्याकडे एक कारखाना आला की दहा टक्के तिथेच संपतात. शिवाय तेच अ‍ॅल्युमिनियम कोळशाच्या विजेवर दुसरीकडे निघाले तर जगाचे नुकसान जास्त. हा युक्तिवाद २००१ साली माराकेश परिषदेत मान्य झाला. ज्या देशाचे १९९० चे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन औद्योगिक देशांच्या एकूण उत्सर्जनाच्या ०.०५ टक्क्यांहून कमी आहे, तिथे एकाच प्रकल्पामुळे देशाच्या उत्सर्जनात पाच टक्क्यांहून जास्त भर पडत असेल, तर त्या प्रकल्पातला प्रक्रियाजन्य कार्बन डायऑक्साइड वेगळा दाखवता येईल. अट अशी की ऊर्जा नवीकरणीय हवी, पद्धत उत्तम हवी आणि अशी वेगळी काढलेली रक्कम २००८ ते २०१२ या काळात वर्षाला सरासरी १६ लाख टनांहून जास्त नको.

१६ लाख टन म्हणजे या देशाच्या १९९० च्या एकूण उत्सर्जनाचा चाळीस टक्क्यांहून मोठा भाग. एवढी रक्कम कायद्याने मुख्य खात्याच्या बाहेर ठेवता येत होती. यात लबाडी झाली असे मी म्हणणार नाही. सगळे उघड, नोंदलेले आणि मंजूर होते. युक्तिवादातही तथ्य होते. एक टन अ‍ॅल्युमिनियमला साधारण १४ हजार युनिट वीज लागते. ती कोळशावर तयार केली तर ठोकळ्याच्या दीड टनाशिवाय आणखी बारा ते चौदा टन कार्बन डायऑक्साइड होतो. रेणुकूट, कोरबा, अंगुल, झारसुगुडा इथली आपली अ‍ॅल्युमिनियमनगरे कोळशाच्या विजेवर चालतात, म्हणून हा फरक भारतीय वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. पण युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे : आम्ही केले नाही तर दुसरा नक्की करेल, आणि तो कोळशावरच करेल. हे गृहीतक कधी खरे असते, कधी नसते. स्वस्त विजेच्या आश्वासनावर वाढणारा धातू जगाची भूक भागवतो की वाढवतो, याचे उत्तर भट्टीत सापडत नाही.

खातेवहीचा हा प्रश्न इथेच थांबत नाही. आक्रानेस गावात १९५८ पासून सिमेंटचा कारखाना होता. आइसलँडमध्ये चुनखडीचा दगड नाही. म्हणून फाक्साफ्लोई उपसागराच्या तळाशी साचलेली शिंपल्यांची वाळू उपसून आणायची आणि तीतून चुना काढायचा. शिंपला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोही रसायनाचाच भाग. २००८ मध्ये बँका कोसळल्या, बांधकामे ठप्प झाली आणि पुढे काही वर्षांत कारखान्याचे उत्पादन थांबले. मार्च २०१९ मध्ये त्याची उंच चिमणीही स्फोटाने पाडली. उत्पादन थांबल्यानंतरच्या तक्त्यांत सिमेंटच्या रकान्यात शून्य आहे. बांधकाम मात्र पुढे जोमाने सुरू झाले. सिमेंट जहाजाने येते आणि त्याचा कार्बन दुसऱ्या देशाच्या नावावर लागतो.

अ‍ॅल्युमिनियमचेही तसेच, फक्त विभागणी वेगळी. आइसलँडमध्ये बॉक्साइटची खाण नाही, अ‍ॅल्युमिनाची शुद्धीकरणशाळा नाही, कार्बनचे ठोकळे भाजायची भट्टी नाही. अ‍ॅल्युमिना समुद्रापलीकडून येते, ठोकळे नेदरलँड्स, नॉर्वे अशा ठिकाणांहून. अ‍ॅल्युमिना तयार करताना आणि ठोकळे भाजताना निघालेला वायू त्या त्या देशांत मोजला जातो. आइसलँडच्या वाट्याला येतो तो ठोकळा झिजतानाचा. तयार धातू जवळजवळ सगळा निर्यात होतो. म्हणजे एका टनाचा कार्बन चार-पाच देशांच्या वह्यांत विखुरलेला, आणि तो धातू वापरणारा बहुधा या कुठल्याच वहीत नाही. फेरोसिलिकॉनच्या भट्टीत कोळशाबरोबर लाकडाचे तुकडेही पडतात, काही तर आइसलँडच्याच नव्या लागवडीतल्या विरळणीचे. लाकडाचा कार्बन नियमाने औद्योगिक खात्यात धरत नाहीत. तक्ता खोटा नसतो, पण त्याच्या कडा कोणी कुठे आखल्या हे पाहिल्याशिवाय त्यावर बोट ठेवू नये.

२०१३ पासून अ‍ॅल्युमिनियम युरोपच्या उत्सर्जन परवान्यांच्या बाजारात आले. आइसलँड युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण युरोपीय आर्थिक क्षेत्रात असल्यामुळे त्याच्या धातुकारखान्यांवरची मर्यादा आता युरोपच्या एकत्रित मर्यादेचा भाग आहे. त्यामुळे देशाच्या उत्सर्जनाचे सरळ दोन भाग झाले. मोटारी, जहाजे, शेती, कचरा यांचा हिशेब सरकारने द्यायचा. देशाच्या एकूण उत्सर्जनाचा सुमारे चाळीस टक्के भाग असलेल्या मोठ्या कारखान्यांचा हिशेब बाजाराने घ्यायचा. रेक्याविकमधला मंत्री ‘आपली जबाबदारी’ म्हणतो तेव्हा तो कोणत्या भागाबद्दल बोलतो आहे, हे श्रोत्याने विचारून घेतलेले बरे. हाच बाजार आता सीमेवरचा कार्बन कर होऊन पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम युरोपला धाडणाऱ्या भारतीय कारखानदारांच्या दारात उभा आहे. पुण्या-चाकणचे सुटे भाग बनवणारेही टनामागच्या कार्बनची चौकशी करू लागले आहेत. आइसलँडच्या हिशेबाची रीत समजून घेण्याला एवढे व्यावहारिक कारण पुरेसे आहे.

सगळेच उद्योग पायऱ्यांनी चालतात असे मात्र नाही, आणि फरक लक्षात यावा म्हणून मासळीच्या भुकटीचे कारखाने पुस्तकात मुद्दाम घेतले आहेत. हे कारखाने पूर्वी तेलावर चालत. हळूहळू त्यांनी विजेचे बॉयलर बसवले आणि त्यांचे उत्सर्जन खरोखर कलाने उतरत गेले. २०२१-२२ च्या हिवाळ्यात जलाशयात पाणी कमी होते. वीज कंपनीने त्यांचा पुरवठा कापला आणि त्यांना पुन्हा तेल जाळावे लागले. इथे कार्बन इंधनाचा आहे, म्हणून तो विजेने हटतो आणि वीज गेली की परततो. ठोकळ्याच्या कार्बनला पावसाशी काही देणेघेणे नाही. ‘औद्योगिक उत्सर्जन’ या एका शब्दाखाली हे दोन अगदी निराळे प्राणी बांधलेले असतात.

उपायांपैकी दोन प्रयत्नांची चर्चा शेवटच्या प्रकरणांत आहे. एक दगडाचा. हेल्लिशेइदीच्या भूऔष्णिक केंद्रात वाफेबरोबर येणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडायचा. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन तो खनिज बनतो. कार्बफिक्स नावाच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले : दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला होता. महाराष्ट्राच्या वाचकाचे कान इथे टवकारतील, कारण सह्याद्रीचा काळा पत्थर बेसाल्टच आहे. पण आइसलँडचा बेसाल्ट भूशास्त्राच्या मापाने कालपरवाचा आणि सच्छिद्र आहे. दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांचा, आणि त्याची पोकळी झिओलाइटसारख्या खनिजांनी बरीच भरून गेलेली. खडकाचे नाव सारखे आहे म्हणून गुण सारखे धरू नयेत. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड जेमतेम एक टक्का असतो. तो एवढ्या हवेतून वेगळा काढणे हेच खरे महागडे काम आहे. जमिनीत सोडणे त्यामानाने सोपे.

दुसरा प्रयत्न ठोकळाच बदलण्याचा : न झिजणारा, कार्बनविरहित ठोकळा, ज्यातून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन निघेल. यावर अनेक दशके काम चालू आहे. २०१८ साली अल्कोआ आणि रिओ टिंटो या स्पर्धकांनी त्यासाठी कॅनडात एकत्र कंपनी काढली, आणि आइसलँडमध्ये या दोघांचाही एकेक कारखाना आहे. हे जमले तर १८८६ नंतर प्रथमच आलेखाच्या सपाट भागाला उतार मिळेल. तोवर सपाटी सपाटीच राहणार.

पुढची पाने वाचताना वाचकाने टक्केवारीवर फार विसंबू नये. लहान आकड्यांची टक्केवारी फसवी असते; पायाभूत वर्ष दोन वर्षांनी पुढेमागे केले तरी चित्र पालटते. त्यापेक्षा प्रत्येक चढणीपाशी थांबून विचारावे की इथे कोणते कंत्राट झाले, आणि प्रत्येक उतरणीपाशी विचारावे की इथे काही सुधारले की नुसते बंद पडले. जमिनीच्या वापरातून, विशेषतः निचरा केलेल्या पाणथळींतून होणारे उत्सर्जन या देशात फार मोठे आहे, पण तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. इथे त्याचा उल्लेख ओझरता येतो.

‘जगाच्या मानाने आमचा वाटा तो काय’ हे वाक्य लहान देशांच्या तोंडी नेहमी असते. आकड्याने ते खरे आहे. आइसलँडचा वाटा एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आगेमागे भरतो. पण लहानपणाची दुसरी बाजू अशी की इथे कोणालाही गर्दीत लपता येत नाही. मोठ्या देशात उत्सर्जन कोणाच्या सहीने वाढले हे शोधणे अशक्यप्राय. इथे सही दाखवता येते. पुढच्या सह्यांच्या तारखाही माहीत आहेत. स्ट्राउम्सविकचा वीजपुरवठ्याचा करार २०३६ पर्यंत आहे. २०४० पर्यंत कार्बनतटस्थ होण्याचे उद्दिष्ट देशाने २०२१ मध्ये कायद्यात घातले. फ्यार्दाउलचा करार मात्र २०४८ पर्यंत चालायचा आहे. यांतल्या दोन तारखांचा तिसरीशी मेळ कसा घालायचा, हा आता आइसलँडच्या मतदारांपुढचा प्रश्न आहे, आणि गावच्या मतदानाने देशाचा आकडा ठरवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे.